जेवण थंड होतं, सिनेमा ठरत नाही

कुळागर:
शुक्रवारी रात्रीची गोष्ट. सुंगटांचं हुमण (कोलंबीची आमटी) आणि गरम भात वाढून घेऊन आम्ही टीव्हीसमोर बसलो. आज काहीतरी छान बघायचं असं सकाळपासून ठरलेलं. पाऊण तासाने ताटं रिकामी, नवरा सोफ्यावर घोरतोय, मुलगी तिच्या फोनमध्ये, आणि मी अजून रिमोटने चित्रं सरकवतेय. गेले कित्येक आठवडे हेच चाललंय.

तीन ॲपांचे पैसे भरतो. पूर्वी ‘काय लागलंय’ एवढाच प्रश्न असायचा, आणि जे लागलं असेल ते बघायचं. आता सगळंच लागलेलं असतं.

खरी अडचण पुढे आहे. मला काय आवडतं हे मलाच धड सांगता येत नाही. खुनाचा तपास आवडतो, पण रक्त नको. गावातली गोष्ट आवडते, पण रडारड नको. संथ चालेल, पण कंटाळवाणं नको. मासळीवालीला असं सांगितलं तर ती पाटी उचलून पुढच्या दारात जाईल.

तर विचारते: तुम्ही तुमच्या आवडीचा सिनेमा किंवा मालिका शोधता कशी? कृपया याद्या देऊ नका, याद्यांनी फोन भरलाय. शोधायची रीत सांगा.

पोदेर:
सोपं आहे. रिमोट नवऱ्याला द्या, तुम्ही घोरा.

मानकुराद:
आधी घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. दोन मिनिटांचं काम आहे. एकाच प्रोफाइलवर सासूबाईंच्या पौराणिक मालिका आणि मुलीचे कोरियन प्रेमवीर नांदत असतील तर ॲपने करायचं काय? त्याला वाटतंय, डिचोलीत एक बाई आहे, ती सकाळी रामायण बघते, दुपारी सोलमध्ये प्रेमात पडते आणि रात्री खुनी शोधते.

दुसरं म्हणजे, न आवडलेलं तिथल्या तिथे बंद करा आणि खाली वळलेला अंगठा दाबा. झोप लागली आणि पुढचे तीन भाग आपोआप सुरू राहिले तर ॲपच्या लेखी तुम्ही त्या मालिकेच्या भक्त. काही ॲपांत बघितल्याच्या नोंदीत जाऊन असले झोपेतले भाग पुसता येतात. मी महिन्यातून एकदा पुसतो, देव्हारा पुसतो तसं.

पोदेर:
म्हणजे ‘घोरणारा’ या नावाने एक प्रोफाइल लागणार.

कुळागर:
मानकुराद, सासूबाईंचं तुम्हाला कसं कळलं? मी तर लिहिलं नव्हतं!

मानकुराद:
बाय, सगळ्यांच्याच घरी आहेत.

भिरंड:
मी पर्वरीत बसून साधारण हेच काम करतो. सिनेमांचं नव्हे, चपलांचं. कोणाला कुठली चप्पल दाखवायची ते. त्यामुळे आतली गोष्ट सांगतो: यंत्राला सिनेमा कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की कुळागर आणि आणखी दहा हजार माणसांनी अमुक पाच गोष्टी शेवटपर्यंत बघितल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी सहावीही बघितली, म्हणून ती कुळागरना दाखवायची. मूळ कल्पना एवढीच, बाकी सगळी मलमपट्टी.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलं होतं की कोणाला काय आवडेल या आमच्या अंदाजात जो १० टक्के सुधारणा करेल त्याला १० लाख डॉलर. त्यासाठी जवळजवळ ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले १० कोटींहून जास्त तारे खुले केले. जगभरचे गणिती तीन वर्षं झटले. २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं तेव्हा पहिल्या दोन संघांचे गुण सारखे होते. ज्याने २० मिनिटं आधी उत्तर पाठवलं तो जिंकला. आणि एवढं करून ते पूर्ण विजेतं गणित कंपनीने वापरलंच नाही. मिळणारा फायदा थोडा, बसवायचा खटाटोप फार. २०१७ मध्ये तर तारेच काढून अंगठे आणले. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि रात्री बघायचे काहीतरी खुसखुशीत.

त्या स्पर्धेतली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही सिनेमे असे निघाले की एकाने पाच तारे दिले तर दुसऱ्याने एक. मधलं कोणी नाही. तिथे सगळ्यांचं गणित आडवं पडायचं. माझं मत असं की माणसाची आवड नेमकी अशाच सिनेमांत दिसते. जे सगळ्यांनाच बरं वाटतं त्यावरून तुमच्याबद्दल काय कळणार?

रापणकार:
भिरंड यांचं वाचून म्हापशाची व्हिडिओ लायब्ररी आठवली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका गाळ्यात भिंतभर कॅसेटी, आणि मालक लांब वहीत नावं लिहून ठेवायचा. पण त्याचं खरं लक्ष वहीत नसायचं. कॅसेट परत आली की तो आधी टेप कुठे थांबलीय ते बघायचा. पूर्ण गुंडाळून आणली तर गप्प. मध्येच थांबलेली असली तर मान वर करून, ‘नाय आवडलो?’ सकाळी दहाला नेलेली कॅसेट दुपारीच परत आली तर म्हणायचा, एका बसणीत बघितलास, मग आता हा ने.

तीन-चार महिन्यांत त्याने माझी आवड ओळखली. मला मारामारीचे सिनेमे आवडतात असं मी समजत होतो. त्याने ओळखलं की मला तुरुंगातून पळून जाण्याचे सिनेमे आवडतात. आजही आवडतात.

भिरंड:
रापणकार, पण ॲप हेच करतं! तुम्ही कुठे थांबलात, किती वेळात संपवलंत. फक्त गाळा मोठा झाला.

रापणकार:
नाही रे. ॲपला मी थांबलो हे कळतं, का थांबलो हे ते विचारत नाही. एकदा अर्धी टेप राहिलेली कॅसेट दिली तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हटलं, वडिलांना इस्पितळात हलवलं, बघायचं राहिलं. त्याने ती वहीत जमा केली नाही. तीच परत माझ्या हातात ठेवली, म्हणाला, ते घरी आले की दोघांनी बघा. भाडं घेतलं नाही.

माटोळी:
रापणकार, वाचून गप्प झाले.

माझी रीत उलटी आहे, पण हमखास चालते. मडगावला माझी एक मावसबहीण आहे. आम्हा दोघींना लहानपणापासून एकही गोष्ट सारखी आवडलेली नाही, आंबासुद्धा. तिने एखाद्या सिनेमाबद्दल ‘ह्यात काहीच घडत नाही गो’ म्हटलं की मी त्याच रात्री तो लावते. ‘शेवट असा अर्धवट का ठेवला?’ म्हणाली तर सुट्टी काढून बघते. आणि ‘काय भव्य आहे!’ म्हणाली की मी त्या वाटेला जात नाही. पंधरा वर्षांत ती दोनदा चुकलीय फक्त. तिला हे अजून माहीत नाही.

आपल्यासारखी आवड असलेला माणूस शोधत बसू नका. ज्याची नावड ठाम आहे असा माणूस शोधा. नावडीचं कारण लोक आवडीपेक्षा नीट सांगतात.

पोदेर:
माटोळीबाय, ती बहीण मीच. आजपासून सगळंच भव्य आहे.

सांजाव:
एवढं कशाला? गुण बघायचे आणि लावायचा. दहापैकी सातच्या खाली मी बघत नाही. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या टोमॅटोवाल्यांकडे नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर डोळे मिटून.

मानकुराद:
डोळे मिटून कसा बघता? बरं, ते टोमॅटोवाल्यांचे टक्के म्हणजे गुण नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांचं मत बाजूने पडलं, एवढाच तो आकडा. शाळेचा निकाल ९५ टक्के लागला म्हणजे प्रत्येक पोराला ९५ गुण पडले असं होतं का? सगळे काठावर पास झाले तरी निकाल ९५ टक्केच. उलट भिरंडने सांगितला तसा, अर्ध्यांना जीव की प्राण आणि अर्ध्यांना नकोसा सिनेमा, तिथे ५० टक्क्यांवर ‘सडका’ ठरतो. ६० टक्के ही त्यांची पास व्हायची रेघ आहे.

सांजाव:
हे माहीत नव्हतं. म्हणजे मी इतकी वर्षं काठावर पास झालेले सिनेमे बघतोय? तरीच.

चणेकार:
मी एक रीत सांगतो, थोडी किचकट आहे, पण मला तिनेच सगळ्यात जास्त दिलंय. नट-नट्यांच्या मागे न जाता पडद्यामागचा माणूस धरायचा. कॅमेरावाला, पटकथाकार, संकलक. नट वर्षाला चार जागी चार सोंगं घेतो, कॅमेरावाल्याचा डोळा मात्र तोच राहतो.

उदाहरण आपल्या घरचंच. २०१५ चा हिंदी ‘दृश्यम’ आपण सगळ्यांनी बघितलाय. त्यातला पावसाळी गोवा मला खरा वाटला होता. ओली भिंत, चिखल, ढगाळ उजेड. पर्यटकांच्या पोस्टरवरचा नव्हे. शेवटी नावं येतात तिथे थांबून बघितलं: छायाचित्रण अविनाश अरुण. मग शोधलं तर त्याच वर्षीच्या, बनारसमधल्या ‘मसान’चा कॅमेराही त्याचाच. आणि त्याआधी त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला मराठी ‘किल्ला’, ज्याला २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाचं क्रिस्टल बेअर पारितोषिक मिळालं. बदलीवर कोकणात आलेली आई आणि तिचा मुलगा, एवढीच गोष्ट. मी तो अशा दिवशी बघितला की बाहेरही तोच पाऊस. एका ‘दृश्यम’वरून बनारसचा घाट आणि कोकणचा किनारा दोन्ही मिळाले. कुठल्याही ॲपने मला ‘दृश्यम’नंतर ‘किल्ला’ दाखवला नसता. त्याने आणखी चार खून दाखवले असते.

पोदेर:
चणेकार, ते सगळं ठीक. ‘दृश्यम’मधल्या पोलिसांसारखं विचारतो, २ ऑक्टोबरला तुम्ही कुठे होता?

सांजाव:
पणजीला. सत्संगाला. पावभाजीचं बिल आहे माझ्याकडे.

भिरंड:
मूळ मल्याळम २०१३ चा बघा, जीतू जोसेफचा. हिंदी त्यापुढे पाणीकम. तिथला नायक खरंच केबलवाला वाटतो.

चणेकार:
मल्याळम चांगला आहेच. पण पाणीकम म्हणू नका, निशिकांत कामतने गोवा घातलाय त्यात. आणि गंमत लक्षात घ्या: चौथी नापास माणूस नुसते सिनेमे बघून पोलिसांना पुरून उरतो. म्हणजे कुळागरबाईंच्या प्रश्नाचं महत्त्व किती! निवड चुकली तर आत जायची पाळी.

धालो:
चणेकारांची रीत छान, पण माझ्या घरात कॅमेरा कोणाचा हे विचारलं तर ‘सोनीचा’ असं उत्तर येईल.

मला एक उलट विचारायचंय. आवड आधीपासून आपल्यात असते आणि शोधायची तेवढी बाकी असते, असं सगळे धरून चाललेत. मला तसं वाटत नाही. माझ्या आईला जत्रेतलं नाटक सोडून काही आवडत नसे. रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं, गाणी लांबवणारं, एखादं पद आवडलं की वन्समोर. सिनेमा तिला ‘घाईत’ वाटायचा. मग ऐंशीच्या दशकाअखेरीस दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे लागायचे ते ती बघायला लागली, कारण दुसरं काही नव्हतंच. बंगाली, आसामी, कन्नड. इंग्रजी सबटायटल तिला वाचता येत नसत. तरी बसायची. ‘तोंडावरून कळतं’ म्हणायची. दोन वर्षांनी तीच आम्हाला सांगायला लागली की ह्या दिग्दर्शकाच्या सिनेमातल्या बायका गप्प बसतात तेव्हा जास्त बोलतात.

तिच्यापुढे तेव्हा रिमोट आणि दहा हजार चित्रं असती तर ती आयुष्यभर नाटकाच्या चित्रफितीच बघत राहिली असती, आणि ॲपने तिला शाबासकी दिली असती. फेणीचा पहिला वास कोणाला आवडतो?

रापणकार:
धालो, फेणीबद्दल फक्त स्वतःपुरतं बोला.

माटोळी:
सबटायटलवरून आठवलं. सबटायटलचा सिनेमा आणि हुमण एकत्र नको. बांगड्याचा काटा बघायचा की वाक्य वाचायचं? गेल्या मे महिन्यात इराणी सिनेमा बघताना आमच्या दादांच्या घशात काटा अडकला. त्या दिवशी केळं खायला देऊन वाचवलं, तेव्हापासून परदेशी सिनेमाला घरात फक्त डाळ-भात.

सांजाव:
मग डब केलेला बघा ना.

माटोळी:
डब केलेल्यात आजीला आणि नातीला एकच बाई आवाज देते. काटा परवडला.

पाटोवरचा:
उशिरा आलो, पण इफ्फीचं, म्हणजे आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पणजीत राहून! २००४ मध्ये महोत्सव गोव्यात आला तेव्हापासून मी जवळजवळ दरवर्षी नोव्हेंबरात आठ दिवस रजा टाकतो. ऑफिसात माझ्या रजेला, महोत्सवाच्या बक्षिसातल्या सोनेरी मोरावरून, ‘मोराची रजा’ म्हणतात.

आठ दिवसांत माणूस रोज चार बघू शकतो. म्हणजे निवड तिथेही आलीच, आणि ॲपसारखं मध्येच बदलता येत नाही, बाहेर पडलात तर दुसऱ्या रांगेत शेवटी. माझे नियम अनुभवाने झालेत. माहितीपुस्तकातल्या कथेच्या पहिल्या दोन ओळीच वाचायच्या, तिसऱ्या ओळीत ते सगळं सांगून टाकतात. जो सिनेमा पुढे महिन्याभरात कुठेतरी बघायला मिळणारच आहे, तो तिथे बघायचा नाही. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा असेल तर प्राधान्य. पहिल्या सिनेमात माणूस सगळं ओततो. दिवसातला एक सिनेमा काहीही न वाचता बघायचा. चांगला निघण्याची शक्यता म्हणाल तर तीनात एक.

पण सगळ्यात उपयोगाची असते ती रांग. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या त्या रांगेत उभ्या उभ्या मला जे कळलंय ते कुठल्या परीक्षणात नाही. केरळचे लोक मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांना सगळं माहीत असतं. एका वर्षी एक निवृत्त मास्तर भेटले, पुढची दोन वर्षंही भेटले. ‘काल काय बघितलंत?’ एवढ्यावर आमची ओळख. त्यांना म्हातारी माणसं असलेले सिनेमे आवडायचे, मला अजिबात नाही. पण कशात काय आहे ते ते इतकं नेमकं सांगत की मी माझ्यापुरता हिशेब करून घ्यायचो.

माटोळी:
बघा! मी म्हटलं नव्हतं?

धालो:
पाटोवरचे, तुमच्यासारखी रजा आम्हाला मिळत नाही हो. नोव्हेंबरात इथे सुगीची आवराआवर असते.

एक भर घालते. गोव्याचा म्हणून जो सिनेमा दाखवतात त्यात किनारा, चर्च, बिअर. आम्ही सत्तरी तालुक्यातली माणसं, आमच्याकडे जंगल. लक्ष्मीकांत शेटगावकरांचा कोंकणी ‘पल्तडचो मुनीस’ बघितला तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडचा काळोख पडद्यावर दिसला. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि त्याच्या आसऱ्याला आलेली वेडसर बाई. २००९ मध्ये टोरांटोला समीक्षकांचं फिप्रेसी पारितोषिक मिळालं त्याला. मूळ कादंबरी महाबळेश्वर सैलांची. माझी रीत म्हणाल तर ही: सिनेमा आवडला की मूळ पुस्तक कोणाचं ते बघते, आणि पुस्तक आवडलं की त्यावर कोणी काही केलंय का ते बघते. वाचनालयाच्या कार्डाला ॲपपेक्षा कमी पैसे पडतात.

मानकुराद:
कुळागर कुठे गेल्या? धागा काढला आणि पसार.

पोदेर:
अजून चित्रं सरकवतायत.

कुळागर:
आले आले. गणपतीच्या चवथीची साफसफाई सुरू आहे. सगळं वाचलं, काही करूनही बघितलं.

प्रोफाइलं वेगळी केली. सासूबाईंनी स्वतःसाठी वाघाचं चित्र निवडलं. माझं प्रोफाइल कोरं झालं तर ते मला विचारायला लागलं, आवडणारे तीन सिनेमे निवडा. तिथे अडले. मग भिरंड आणि रापणकारांचं वाचून वेगळंच केलं. वहीत असे सिनेमे लिहिले जे मी आपणहून दुसऱ्यांदा बघितलेत. चांगले म्हणतात ते नव्हेत, खरोखर पुन्हा लावलेले. बारा निघाले. खुनाचे तीन, गावातले चार, एक जपानी, बाकी असेच. एकमेकांशी काही संबंध नाही. दोन दिवस वही ओट्यावर पडून होती.

मग भाकरी थापताना लक्षात आलं. बाराच्या बारांत कोणीतरी आपलं काम करत असतं आणि कॅमेरा ते काम नीट बघत असतो. कोणी सुतार, कोणी स्वयंपाकी, कोणी फायली लावणारा कारकून. खुनाच्यातसुद्धा मला खुनी कोण यात रस नव्हता, हवालदार पंचनामा कसा लिहितो ते आवडलेलं. माणसं हाताने काही करताना बघायला मला आवडतं. ४६ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि अशी ओळ कुठल्याच ॲपवर नाही.

भिरंड:
नाही. ‘काम करणारी माणसं’ असा प्रकार कुठेच नसतो. तुम्ही आमची नोकरी घालवणार.

धालो:
कुळागर, तुम्ही स्वतः काय काम करता?

कुळागर:
शिवणकाम. पंचवीस वर्षं.

माटोळी:
अगो बाय.

चणेकार:
आता त्या बारांच्या शेवटची नावं बघा. कॅमेरा दोघा-तिघांचाच निघेल, पैज लावतो.

कुळागर:
बाराचे पाच झालेत बघून. पैज हराल असं दिसतंय, पाचांत पाच वेगळी नावं. पण संकलकाचं एक नाव दोनदा आलंय. त्या बाईंचे आणखी चार सिनेमे लिहून ठेवलेत.

पोदेर:
मूळ प्रश्न राहिला. घोरणाऱ्याचं काय झालं?

कुळागर:
काल ‘किल्ला’ लावला. पहिला पाऊण तास जागे होते. मग झोपले. मी बंद करून ठेवला, पूर्ण बघितला नाही. आज दुपारी जेवताना विचारलं, का झोपलात? तर म्हणाले, पावसाचा आवाज इतका खरा होता की झोप लागली. उद्या रात्री तिथूनच पुढे लावायचाय. डाळ-भात करतेय.